दुचाकीवरील एकाकी प्रवास आणि आकस्मिक आजारपण

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या काळी मालवण किनाऱ्याकडे येणारा पाहुणा बहुधा एस.टी.च्या गाडीने येत असे. वाटेत त्याला भोवळ आली तर शेजारचा प्रवासी पाहत असे, वाहक घंटा मारून गाडी थांबवीत असे आणि पुढच्या थांब्यावर कोणीतरी पाणी घेऊन धावत येई. आज याच किनाऱ्यावर देवगडपासून रेडीपर्यंत एकटादुकटा दुचाकीस्वार हे नित्याचे दृश्य झाले आहे. त्यांत दूरच्या शहरातून सहलीसाठी आलेला तरुण असतो, तसाच मसुऱ्याहून कणकवलीला जाणारा शिक्षक, वसुलीला निघालेला पतसंस्थेचा कर्मचारी आणि पहाटे मासळी घेऊन निघालेला विक्रेताही असतो. या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. प्रवासात प्रकृती एकाएकी बिघडली तर ती बिघडल्याचे त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास कळत नाही.

वैद्यकशास्त्रात आकस्मिक आजारातील पहिल्या तासाला फार महत्त्व दिले जाते. तथापि या तासाचा हिशेब साधारणतः रुग्णाजवळ कोणीतरी आहे असे गृहीत धरून केलेला असतो. एकट्या स्वाराच्या बाबतीत या तासाचे दोन भाग पडतात. पहिला भाग आजार सुरू झाल्यापासून तो दुसऱ्या माणसाला कळेपर्यंतचा आणि दुसरा भाग तो कळल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा. दुसरा भाग कमी करण्यासाठी शासनाने रुग्णवाहिका, आरोग्य केंद्रे व रुग्णालये उभारली आहेत. पहिला भाग मात्र स्वार स्वतः आणि वाटेवरचे गाव या दोघांनाच कमी करता येतो.

भूगोलाची अडचण

मालवण किनाऱ्याची रचना येथे ध्यानात घेतली पाहिजे. देवबाग हे गाव एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे नुसत्या डोळ्यांनी दिसते. परंतु वाहनाने तेथे जायचे तर तारकर्लीवरून मागे फिरून मोठा वळसा घ्यावा लागतो. तोंडवळी-तळाशीलची गोष्ट अशीच आहे. तेथेही समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये एकच वाट आहे. आचरा, मिठबाव, कुणकेश्वर या बाजूस रस्ता खाडीकाठची माडांची वाडी सोडून अचानक जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर चढतो. सड्यावर काही अंतरापर्यंत घर नाही, सावली नाही आणि पुष्कळदा मोबाइलची लहरही नाही. नकाशावर जे अंतर पंधरा मिनिटांचे दिसते, ते रुग्णाच्या दृष्टीने अर्ध्यापाऊण तासाचे ठरते.

उपचाराची सोय अशी की, आचरा, मसुरे, चौके अशा ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, कणकवली व सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि ओरोस येथे जिल्ह्याचे मुख्य शासकीय रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. याहून मोठ्या उपचारासाठी जिल्ह्यातील रुग्ण पिढ्यान् पिढ्या गोव्याकडे जात आले आहेत. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय मालवणपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. सर्वांत मोठे रुग्णालय गाठण्याच्या घाईत वाटेवरचे आरोग्य केंद्र ओलांडून पुढे जाण्याची आपल्याकडे प्रवृत्ती दिसते. ती सर्पदंशासारख्या प्रसंगी घातक ठरते, कारण ज्या प्रतिविषाने प्राण वाचतात ते औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरही ठेवले जाते.

गाडी आधी थांबली पाहिजे

ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली दुचाकी एका सेकंदात ११ मीटर अंतर तोडते. हृदयाचे कार्य एकाएकी थांबले तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणजे तेवढ्या अवधीत गाडी शंभराहून अधिक मीटर पुढे जाते आणि कोकणातील नागमोडी रस्त्यावर शंभर मीटरांत एखादे वळण, मोरी किंवा समोरून येणारा डंपर नाही असे क्वचितच घडते. सुदैवाने बहुतेक आजार इतके अकस्मात येत नाहीत. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, हाताला कंप, क्लचवरील पकड सैल पडणे अशी काही ना काही पूर्वसूचना मिळते. ती मिळूनही स्वार थांबत नाही, हा खरा प्रश्न आहे. ‘आता गाव आलेच’ किंवा ‘पित्त झाले असेल’ असे मनाशी म्हणत तो आणखी दहा किलोमीटर गाडी हाकतो. पित्ताच्या या समजुतीने जितक्या हृदयरोग्यांचा वेळ खाल्ला आहे, तितका खराब रस्त्यांनीही खाल्ला नसावा.

थांबावे हे खरे. परंतु कोठे थांबावे यालाही महत्त्व आहे. आजारी माणूस स्वभावतः आडोसा व सावली शोधतो. काजूच्या बागेत किंवा गडग्याच्या आड जाऊन बसलेला स्वार रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसत नाही आणि नुसती उभी केलेली मोटारसायकल पाहून कोणी थांबत नाही. म्हणून थांबायचे ते दुकान, शाळा, एस.टी.चा थांबा, घराचे खळे, देऊळ अशा जागी. तसे काहीच जवळ नसेल तर रस्त्याच्या कडेला उघड्यावर, दोन्ही बाजूंनी दिसेल असे थांबावे. गाडी आडव्या पायावर लावून दिवे लुकलुकते ठेवावेत, शिरस्त्राण काढावे व हॉर्न थांबून थांबून वाजवावा. घशातून आवाज निघेनासा झाला तरी हॉर्नचे बटण दाबता येते. त्यानंतर उभे न राहता जमिनीवर बसावे किंवा आडवे व्हावे. चक्कर येत असताना उभे राहिलेला माणूस पडतो आणि मूळ आजारात डोक्याच्या जखमेची भर पडते.

१०८ या क्रमांकावर चालणारी महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या रुग्णवाहिकेबरोबर डॉक्टर असतो, हे तिचे वैशिष्ट्य होय. ११२ हा क्रमांकही सर्व प्रकारच्या संकटांसाठी उपलब्ध आहे व आपल्या कंपनीची लहर नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून तो लागू शकतो. मात्र दूरध्वनी उचलणाऱ्याला रुग्ण कोठे आहे हे सांगता आले पाहिजे. परगावच्या स्वाराला वाडीचे नाव ठाऊक नसते. अशा वेळी मैलाचा दगड, शेवटचे ओलांडलेले गाव, पूल किंवा शाळेची पाटी यांचा उपयोग होतो. एकट्याने निघणाऱ्याने दर काही मैलांवर गावाचे नाव मनाशी घोकत जाणे ही सवय हास्यास्पद वाटेल. पण ती फुकटची आहे.

एका समजुतीचे निरसन येथेच करणे आवश्यक आहे. एकटे असताना हृदयविकाराचा झटका आल्यास जोरजोराने खोकत राहावे, म्हणजे प्राण वाचतात, असा संदेश गेली अनेक वर्षे फिरत आहे. रुग्णालयात यंत्रावर हृदयाची गती दिसत असताना व डॉक्टर समोर असताना विशिष्ट प्रसंगी रुग्णाला खोकण्यास सांगितले जाते, इतकाच त्याला आधार आहे. रस्त्यावरच्या माणसाने खोकण्यात वेळ घालवू नये. थांबावे, फोन करावा, बसावे. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी जवळ असेल आणि त्या औषधाचे वावडे किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर फोनवरील डॉक्टरांना विचारून ती चावून खावी.

ओळखण्यात चूक होते असे आजार

मधुमेहाच्या रुग्णाने सकाळी इन्शुलीन किंवा गोळी घेतली आणि न्याहारी पुढच्या गावावर ढकलली तर त्याची रक्तशर्करा घसरते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ, अडखळते बोलणे अशी लक्षणे दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला गाडी आडवी टाकून असंबद्ध बोलणारा माणूस पाहिला की लोक तो दारू प्यायला आहे असे समजतात आणि हसून पुढे जातात. पोलीस पाटील, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य यांनी हा एक आजार तरी ओळखण्यास शिकावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण त्याचा उपाय प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तेवढीच द्यावी आणि तरतरी आल्यावर जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास कुशीवर निजवून रुग्णवाहिका बोलवावी.

पक्षाघाताबद्दल थोडक्यात सांगायचे तर, चेहरा एका बाजूस ओढला जाणे, एक हात न उचलणे व वाचा जड होणे ही तीन लक्षणे दिसताच घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते आणि लक्षणे केव्हा सुरू झाली हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

उन्हाळ्यातील धोका किनाऱ्यावर निराळ्या स्वरूपाचा आहे. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात ४० अंश सेल्सिअसपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. किनाऱ्यासाठी हा आकडा ३७ अंश आहे. याचे कारण दमटपणा. हवेत बाष्प भरपूर असले की घाम वाळत नाही आणि घाम वाळल्यावाचून शरीर थंड होत नाही. दुचाकीस्वाराला समोरून वारा लागत असल्याने आपण किती तापलो आहोत हे गाडी थांबेपर्यंत कळतच नाही. गोंधळलेला, तापलेला माणूस आढळला तर त्याला आधी थंड करावे, मग हलवावे. सावलीत नेऊन कपडे सैल करणे, विहिरीचे पाणी अंगावर ओतणे आणि वारा घालणे हे काम रुग्णवाहिका येण्याआधीच सुरू झाले पाहिजे.

मालवणला येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे कुर्ल्या, कोळंबी, तिसऱ्या यांचे वावडे. आयुष्यात प्रथमच तिसऱ्यांचे सुके खाऊन निघालेल्या माणसाला अर्ध्या तासात अंगावर गांधी उठणे, ओठ व जीभ सुजणे, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. शिरस्त्राणात शिरलेली गांधीलमाशी चावूनही हेच घडते. नुसती गांधी उठली तर ती ओसरते. पण श्वास अडखळू लागला किंवा भोवळ आली तर हा प्राणघातक प्रकार होय. त्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय असून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते. भोवळ येणाऱ्या रुग्णास पाय उंच करून आडवे ठेवावे, एकदम उभे करू नये. धाप लागत असेल तर त्याला बसू द्यावे.

विंचू आणि साप

कोकणातील लाल विंचवाचे नाव जागतिक वैद्यकीय वाङ्मयात गेले ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यामुळे. १९७६ मध्ये ते तत्कालीन कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे काही तासांत फुप्फुसात पाणी साचून मरतात, हे त्यांनी तेथे पाहिले. त्या काळी तीव्र विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत असत. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदविला. ओकारी, भरपूर घाम, हातपाय गार पडणे ही हृदयावरील संकटाची नांदी आहे, असे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात दाखवून दिले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध या विषाला उतारा ठरते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. पुढे विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण अगदी अल्प झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या इतिहासातून एकट्या प्रवाशाने घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. सड्यावर तंबू ठोकून राहिलेल्या किंवा मांगराच्या ओट्यावर झोपलेल्या स्वाराला सकाळी बुटात किंवा शिरस्त्राणात विंचू भेटू शकतो. नुसती वेदना असेल तर धोका कमी; मात्र वेदना फारशी नसून घाम व ओकारी सुरू झाली तर तो अधिक गंभीर प्रकार समजावा. ‘दुखत नाही, म्हणजे उतरले’ असे मानून गाडी सुरू करणे म्हणजे फुप्फुसात पाणी साचण्याच्या सुमारास एखाद्या घाटीत पोहोचणे होय. शिवाय प्रॅझोसिन दिल्यानंतर रुग्ण उठून उभा राहिला तर रक्तदाब कोसळतो. म्हणून गोळी घेऊन आपल्याच दुचाकीवरून पुढे जाण्याचा विचारही करू नये.

सर्पदंशाबाबत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष चालते. सिंधुदुर्गच्या सड्यांवर फुरसे पूर्वापार प्रसिद्ध आहे. दंशाच्या जागी कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे हे सारे अपायकारक ठरले आहे. दंश झालेला अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा व कमीत कमी हालचाल करावी, हाच शास्त्रीय सल्ला आहे. एकट्या स्वाराला येथे मोठा पेच पडतो. हालचाल करू नये म्हणावे, तर आरोग्य केंद्र गाठणार कसे? स्वतः गाडी चालवीत जावे, तर नाग-मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, हातापायांतील शक्ती जाते आणि गाडी कोठेतरी आदळते.

दुसरी दुचाकी

या पेचाचे एक समाधानकारक उत्तर नेपाळमध्ये शोधण्यात आले. धरान येथील बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी जिनिव्हाच्या सहकाऱ्यांबरोबर आग्नेय नेपाळच्या चार गावांत एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गावात ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे अशा स्वयंसेवकांची नावे गावकऱ्यांना देण्यात आली. सर्पदंश झाला की स्वयंसेवकाने गाडी काढायची, रुग्णाला मध्ये बसवायचे व मागे तिसऱ्या माणसाने त्याला धरून बसायचे. त्याबरोबरच दंश टाळण्याचे व प्रथमोपचाराचे शिक्षणही देण्यात आले. त्या गावांत दंश झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर आले. औषध तेच होते, रुग्णालयही तेच होते. बदलला तो रुग्णालयात पोहोचण्याचा वेळ. दुचाकीवर तिघे बसणे एरवी नियमबाह्य व धोक्याचेच आहे, हे उघड आहे. परंतु रुग्णवाहिका येण्यास विलंब होत असेल आणि रिक्षा किंवा मोटार मिळत नसेल, तर अखेरचा मार्ग म्हणून ही पद्धत माहीत असलेली बरी. मुंबईत अरुंद गल्ल्यांतून डॉक्टर लवकर पोहोचावा म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये १०८ सेवेत मोटारसायकलींचा समावेश झाला, त्यामागील विचारही याच जातीचा आहे. तेथे दुचाकी डॉक्टरला रुग्णाकडे नेते. नेपाळात ती रुग्णाला डॉक्टरकडे नेते.

मदतीस पुढे होणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल अशी भीती अजूनही खेड्यांत आढळते. ती निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. अशा व्यक्तीवर मदत केल्याबद्दल दावा किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि आपले नाव सांगण्याची तिच्यावर सक्ती करता येत नाही. त्यापूर्वी १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने, जखमी व्यक्तीवर उपचार करण्यासाठी डॉक्टरने पोलीस सोपस्कारांची वाट पाहू नये, असे बजावले आहे. कलम १३४-अ मध्ये शब्द ‘अपघात’ असा असल्याने निव्वळ आजारी पडलेल्या स्वाराबद्दल काटेकोर कायदेपंडित शंका काढू शकेल. परंतु आजारी माणसाला उचलून दवाखान्यात नेण्याबद्दल कोणाला जाब देण्याचा प्रश्नच येत नाही.

पडलेल्या स्वाराला हात लावण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी लागते. तो वेगात असताना कोसळला असेल तर मानेला इजा आहे असे समजून एकाने डोके व मान स्थिर धरावी. शुद्ध व श्वास असेल तर शिरस्त्राण ओढून काढण्याची घाई नको. समोरची काच वर करावी. श्वास थांबला असेल तर मात्र एकाने मान धरून व दुसऱ्याने हळूच सरकवून ते काढावे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे काम दमविणारे असल्याने दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. हृदय थांबल्यावर काहीच न केल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला शेकडा सात ते दहाने घटते. माध्यमिक शाळेतील नववी-दहावीची मुले ही क्रिया एका तासिकेत शिकू शकतात आणि उशीचा उपयोग करून तिचा सराव करू शकतात. त्यासाठी आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा शाळेत बोलावणे मुख्याध्यापकांना कठीण नाही.

ग्रामपंचायतीकडून अपेक्षित असलेले काम खर्चाचे नाही. प्रत्येक वाडीच्या सुरुवातीस व सड्यावरच्या एस.टी. थांब्यावर गावाचे व वाडीचे नाव ठळक मराठी व इंग्रजी अक्षरांत लिहावे. त्याखाली १०८ हा क्रमांक, सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र व तेथपर्यंतचे अंतर द्यावे. जेथे मोबाइलची लहर मिळत नाही तेथे ती पुढे कोठे मिळेल हेही लिहावे. गावकऱ्यांना ते तंतोतंत ठाऊक असते. आशा कार्यकर्ती, पोलीस पाटील, रिक्षावाले आणि रात्रीबेरात्री गाडी काढण्यास तयार असलेले चार-सहा दुचाकीधारक यांची यादी करून ती त्यांच्या संमतीने कार्यालयाबाहेर, दुकानात व शाळेत लावावी. सापांचा उपद्रव पावसाबरोबर वाढतो. त्यामुळे ही यादी १ मे च्या ग्रामसभेत वाचून दाखविली व गाव सोडून गेलेल्यांची नावे त्याच वेळी बदलून घेतली, तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ती वापरण्यायोग्य होते.